खाणीकडे मागताना: कुठल्या खिशातलं काय

‘आपल्या कंपनीच्या सीएसआर फंडातून आमच्या गावच्या रस्त्यावर दररोज पाणी मारून मिळावे, ही नम्र विनंती.’ बेळगाव-खानापूर तालुक्यांत किंवा पूर्वेकडच्या यादवाड-लोकापूरच्या चुनखडी पट्ट्यात, खाणीशेजारच्या गावांतून जे अर्ज जातात त्यांत असं एखादं वाक्य असतंच. मागणी रास्त आहे, पण या एका वाक्यात गाव स्वतःचं नुकसान करून घेतं. धूळ दाबणं ही खाणवाल्याच्या परवानगीतली अट आहे. ती पाळायला विनंती लागत नाही, आणि तो खर्च कायद्याने सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने नफ्यातून करायच्या सामाजिक खर्चात, धरताही येत नाही. ‘सीएसआरमधून करा’ असं आपणच लिहून दिलं की हक्काचं काम उपकारात जमा होतं. सीएसआरमधून जे खरोखर मागायचं, ते मात्र मागायचंच राहतं.

म्हणून आधी खिसे वेगळे करू. खाणीच्या पैशाचे गावाशी संबंध असलेले खिसे चार: कंपनीचा सीएसआर, जिल्ह्याचा खनिज निधी, पर्यावरण परवानगीत बांधून दिलेला खर्च आणि खाण बंद करतानाची जबाबदारी. चारही वेगळ्या नियमांचे, आणि त्यांचे हिशेबही वेगळ्या ठिकाणी.

सीएसआर येतो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून. १ एप्रिल २०१४ पासून तो लागू आहे. लगतच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक आकडा जरी गाठला तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. उदाहरण घ्या. एका कंपनीचा तीन वर्षांचा नफा अनुक्रमे ६, ८ आणि १० कोटी. सरासरी ८ कोटी, त्याचे दोन टक्के १६ लाख. वर्षाला तेवढेच, आणि तेही तिच्या सगळ्या गावांना मिळून. ही रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. अशा कंपनीकडे दोन कोटींच्या समुदाय भवनाचा प्रस्ताव पाठवला तर तो फायलीतच राहणार. आधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून आकडा बघा. सीएसआरचा तक्ता त्याला जोडलेला असतो, आणि कंपनीची वेबसाइट असेल तर मंजूर प्रकल्पांची यादी तिच्यावर टाकणं बंधनकारक आहे.

सीएसआर कोणाला लागू नाही, हे आपल्या भागात जास्त महत्त्वाचं. कलम १३५ कंपन्यांसाठी आहे. बेळगावच्या आसपासचे खडी क्रशर, खानापुरातल्या चिरेखाणी, तालुक्यातल्या वीटभट्ट्या यांतल्या बऱ्याचशा एकाच्या मालकीच्या किंवा भागीदारीतल्या. त्यांना हे दोन टक्के लागूच नाहीत. क्रशरमालक महालक्ष्मी यात्रेला वर्गणी देतो, देवळाच्या बांधकामाला खडी देतो. ती त्याची श्रद्धा, गावाने ती मानाने घ्यावी. पण सीएसआर म्हणून त्याच्याकडे काही मागता येत नाही, आणि त्या वर्गणीमुळे त्याची धुळीची जबाबदारीही कमी होत नाही. त्याच्याशी बोलायचं ते परवानगीतल्या अटींबद्दल.

जिथे सीएसआर लागू आहे तिथेही काय धरायचं नाही हे नियमात लिहिलेलं आहे. धंद्याच्या रोजच्या कामाचा खर्च, फक्त कंपनीच्या नोकरांच्या फायद्याचं काम, मालाची जाहिरात करणारं प्रायोजकत्व, राजकीय पक्षाला देणगी आणि इतर कुठल्याही कायद्याने जे करणं भागच आहे ते, यांतलं काहीही चालत नाही. यातली शेवटची ओळ प्रत्येक पंचायतीने तोंडपाठ करावी. खाणीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पाणी मारणं, खाणीभोवती कुंपण, सुरुंगाने तडा गेलेल्या भिंतीची भरपाई, कामगारांच्या छातीचा एक्स-रे ही सगळी कामं त्या ओळीत बसतात.

दुसरा खिसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे डीएमएफ. २०१५ साली खाण कायद्यात कलम ९ ब घालून हा निधी आला. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांना १० टक्के रक्कम यात भरावी लागते. सिमेंटच्या चुनखडीचा हिशेब करू. टनाला ८० रुपये रॉयल्टी धरली आणि वर्षाला एक लाख टन निघाली, तर रॉयल्टी ८० लाख. जुना पट्टा असेल तर डीएमएफ २४ लाख, लिलावातला असेल तर ८ लाख. कंपनी तोट्यात गेली तर सीएसआर आटतो. डीएमएफ मात्र टनावर असतो, नफ्यावर नाही. वरवर छोटा वाटणारा हा फरक दहा वर्षांत गावासाठी मोठा होतो.

या निधीचा खर्च प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या नियमांनी होतो. २०१५ च्या नियमांत किमान ६० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण अशा कामांवर खर्चायचे होते, २०२४ च्या सुधारणेत ते ७० टक्के झाले. त्याच सुधारणेनुसार खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित. विश्वस्त मंडळ जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असतं. पंचायतीने पहिलं काम कुठलं करावं, तर आपलं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का हे डी.सी. (जिल्हाधिकारी) ऑफिसात लेखी विचारावं. यादीत नाव नसेल तर बाकीच्या सगळ्या खटपटीला पाया राहत नाही.

बळ्ळारीचे हजारो कोटींचे आकडे पेपरात वाचून आपल्याकडेही तेवढेच पैसे पडून आहेत असं अनेकांना वाटतं. तो वेगळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या बेकायदा लोहखनिज खाणींच्या प्रकरणातला तो निधी बळ्ळारी, विजयनगर, चित्रदुर्ग आणि तुमकूर या जिल्ह्यांतल्या खाणबाधित भागासाठी आहे, बेळगावसाठी नाही.

आता सीमाभागाची खरी अडचण. बेळगावचा ॲल्युमिना कारखाना १९६९ पासूनचा आहे, आणि त्याला लागणारं बॉक्साइट सीमेपलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवरूनही आलेलं आहे. डीएमएफ ज्या जिल्ह्यात खाण त्या जिल्ह्यात जमा होतो. म्हणजे पठार चंदगडचं तर पैसे कोल्हापूरला. पण खनिजाची गाडी शिनोळीची हद्द ओलांडून वेंगुर्ला रोडने बेळगावकडे येते तेव्हा धूळ आणि खड्डे कर्नाटकातल्या गावांच्या वाट्याला येतात. एका खाणीचा बाधित भाग शेजारच्या जिल्ह्यात जात असेल तर सरकार ठरवेल तेवढा वाटा त्या जिल्ह्याच्या प्रतिष्ठानकडे द्यावा, अशी तरतूद योजनेच्या नियमांत आहे. दोन जिल्हे एका राज्यातले असले तर हे एका सहीचं काम आहे. राज्यंच दोन असली की दोन सरकारांनी एकत्र बसावं लागतं, आणि आपल्या भागात ते किती अवघड आहे हे कुणाला सांगायची गरज नाही.

सीएसआरला मात्र ही हद्द नाही. कलम १३५ म्हणतं, कंपनी जिथे काम करते तो स्थानिक भाग आणि त्याभोवतालचा प्रदेश यांना प्राधान्य द्यावं. ‘स्थानिक’ म्हणजे किती किलोमीटर हे कायद्यात नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने नंतर स्पष्ट केलंय, त्यामुळे अडून बसता येत नाही. पण वाहतुकीच्या वाटेवरच्या गावाने ‘आम्ही तुमच्या कामाच्या वाटेवर आहोत’ हे मांडायला कायद्याचा शब्द पुरेसा आहे. डीएमएफमध्ये ज्या गावाला जागा नाही, त्या गावासाठी सीएसआर हाच मोकळा खिसा. तो धुळीवरच्या पाण्यात घालवू नये, असं मला कळकळीने वाटतं ते याचसाठी.

तिसरा खिसा पर्यावरण परवानगीचा. ‘सीईआर’ (कंपनीची पर्यावरणीय जबाबदारी) हा शब्द अजून काहींच्या तोंडी आहे. १ मे २०१८ च्या आदेशाने प्रकल्प खर्चाच्या टक्केवारीत रक्कम ठरायची. ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशाने टक्केवारी गेली. आता जनसुनावणीत लोकांनी मांडलेल्या प्रश्नांवर कंपनी जे कबूल करते, ते पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात कामानुसार लिहिलं जातं आणि परवानगीची अट बनतं. म्हणजे सुनावणीत कोणी काहीच ठोस बोललं नाही, तर आराखड्यातही ठोस काही येत नाही. ‘गावाचा विकास करा’ हे वाक्य तिथे वाया जातं. ‘शाळेपासून वळणापर्यंत दोन किलोमीटर रस्त्यावर दिवसातून चार फेऱ्या पाणी’ असं सांगितलं तर ते लिहावं लागतं.

चार फेऱ्या कशासाठी? दोन किलोमीटर लांब, पाच मीटर रुंद रस्ता म्हणजे दहा हजार चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा लिटर पाणी धरलं तर एका फेरीला ५,००० लिटर, म्हणजे एक टँकर. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ते दोन-तीन तासांत वाळतं. सकाळी एक टँकर फिरवून ‘पाणी मारलं’ म्हणणं म्हणजे दहा वाजल्यानंतरची सगळी धूळ गावाने खायची. आणि हे २०,००० लिटर येतं कुठून हेही विचारा. गावच्या विहिरीतून येत असेल तर एक त्रास मिटवून दुसरा उभा केला. खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी त्यासाठी वापरता येतं. गाड्यांवर ताडपत्री आणि काठापेक्षा खाली भरलेला माल या दोन गोष्टींनी बरंच काम पाण्याविनाच होतं.

क्रशरच्या धुळीला ठरलेलं माप आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर हवेतले धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. त्याबरोबर यंत्रांना आच्छादन, फवारे, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, कडेने झाडं, हे सगळं नियमात आहे. प्रत्यक्षात फवारा असतो, पण बंद असतो. कारण साधं आहे. खड्ड्यातलं गढूळ पाणी गाळणीशिवाय चढवलं की नोझल आठवड्यात बुजतात. पाणी जास्त झालं की चुरी ओली होऊन चाळणीची जाळी बुजते आणि उत्पादन घटतं, म्हणून ऑपरेटर पंप बंद ठेवतो. उपाय म्हणजे टाकीला गाळणी, बारीक थेंबांचे नोझल, आणि फवारा नेमका जिथे दगड पडतो तिथे: हॉपरच्या (दगड ओततात त्या पेटीच्या) तोंडाशी, दगड फोडणाऱ्या जॉ क्रशरच्या खाली, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल उतरतो त्या जागी. तपासणीच्या दिवशी फवारा चालू दिसतोच. म्हणून पंपाच्या तासांची नोंदवही मागावी. डिसेंबर ते फेब्रुवारी काजू-आंब्याला मोहोर असताना तर आठवड्याला बघावी, कारण मोहोरावरची धूळ धुऊन काढायला तेव्हा पाऊस नसतो.

सुरुंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे गाव नेहमी कमी पडतं. ‘घराला हादरे बसतात’ एवढीच तक्रार असते, आणि पलीकडून ‘सगळं मर्यादेत आहे’ एवढंच उत्तर येतं. मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात आहेत. खाणीच्या मालकीच्या नसलेल्या घरांपाशी कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ ला १०, आणि २५ च्या वर १५. जुनी देवळं आणि नाजूक वास्तूंना याहून कमी: २, ५ आणि १०. हे मोजणारं यंत्र असतं, त्याचा छापील कागद निघतो. तो कागद मागायचा. नुसतं ‘मर्यादेत आहे’ हे उत्तर घ्यायचं नाही.

हादरा किती बसेल हे एकूण दारूपेक्षा एका डिलेला, म्हणजे एकाच क्षणी, किती किलो उडते यावर ठरतं. घर ३०० मीटरवर आहे आणि एका डिलेला २५ किलो. २५ चं वर्गमूळ ५, म्हणून ३०० भागिले ५ म्हणजे ६०. तीच दारू डिलेला १०० किलो केली तर वर्गमूळ १०, भागाकार ३०. हा आकडा जितका लहान तितका हादरा मोठा. म्हणजे सुरुंग बंद न करताही डिलेंची संख्या वाढवून, दारू त्यांत वाटून, हादरा कमी करता येतो. खर्च थोडा वाढतो, पण तो मालकाचा. दगड उडण्याच्या भीतीसाठी ५०० मीटरचा धोक्याचा टापू धरतात. त्यात घरं, रस्ता, शेतात काम करणारी माणसं असतील तर वेळ ठरवून, भोंगा वाजवून, माणसं बाजूला काढूनच सुरुंग उडवायचा.

आणि घरच्या तड्याचा पुरावा असा ठेवायचा. तड्यावर आडवी, तळहाताएवढी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावायची. तिच्यावर खिळ्याने तारीख कोरायची. शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढायचा. तडा हलला की पट्टी केसाएवढी चिरते. मग सुरुंगाची तारीख, वेळ आणि पट्टी चिरल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहायची. आपल्याकडच्या मातीच्या भिंतींच्या कौलारू घरांना पावसाळ्यात भिंत फुगून आपोआपही तडे जातात, आणि पलीकडची बाजू हेच बोट दाखवणार. म्हणून दोन पट्ट्या खाणीकडच्या घरांत आणि दोन गावाच्या लांबच्या टोकाला तशाच घरांत. जवळच्या चिरल्या आणि लांबच्या शाबूत राहिल्या, तर बोलायला जागा राहते.

चौथा खिसा, खाण बंद करण्याचा. हा जवळजवळ कुणीच उघडून बघत नाही. मोठ्या खनिजांच्या खाणींना काम चालू असतानाच बंद करण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा द्यावा लागतो, अखेरचा आराखडा बंद होण्याच्या दोन वर्षं आधी. शेजारच्या हद्दीपासून ७.५ मीटर जागा न खोदता सोडायची, कठीण दगडात एका पायरीची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको. पायऱ्या न ठेवता सरळ उभा कडा कापला की पावसाळ्यात पाणी साठून तो खड्डा पोहायला गेलेल्या पोरांचा काळ होतो. काठावर उतार नसतो, धरायला काही नसतं. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अट घालायला लावली. खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावायचं, म्हणजे जनावरांना चारा मिळेल. पठारावर गुरं आणि मेंढरं चारणाऱ्या धनगरांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची अट दुसरी नाही.

पश्चिमेच्या या पठारांवर, म्हणजे सड्यावर, झाडं लावण्याचा उत्साह जरा आवरावा. सड्यावरचा जांभा पावसाचं पाणी स्पंजासारखं धरतो, खाली चिकण शेडीचा थर लागला की ते पाणी आडवं सरकून झऱ्याच्या तोंडाशी येतं. जांभ्याचा थर खोदून नेला की झऱ्याची टाकीच गेली. वर पाचशे खड्डे मारून रोपं लावल्याने ती परत येत नाही. झाडं लावायचीच असतील तर पायथ्याला, रस्त्याच्या कडेला लावा: जांभूळ, करंज, आवळा, किंजळ. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, लावणी जूनमध्ये. आणि पाण्याचा हिशेब आधी करा. ५०० रोपांना आठवड्याला १० लिटर, उन्हाळ्याचे १६ आठवडे, म्हणजे ८०,००० लिटर. ५,००० लिटरचे १६ टँकर, दोन उन्हाळे ३२. हा खर्च प्रस्तावात नसेल तर फोटोपुरतीच लावणी होते. पैशाचा शेवटचा हप्ता दुसऱ्या पावसाळ्यानंतर जगलेली झाडं मोजून द्यावा, असं करारात लिहून घ्या.

सीएसआरचा सर्वांत आवडता प्रकल्प म्हणजे आरओचं पाण्याचं यंत्र. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस मीटर आणून आधी गावचं पाणी मोजा. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. खानापूरच्या जांभ्याच्या, भरपूर पावसाच्या पट्ट्यात पाणी बहुधा मऊ असतं. तिथे लागतं ते गाळण आणि क्लोरीन. आरओने गरज नसताना क्षार काढले जातात आणि बरंच पाणी नाल्यात जातं. पूर्वेकडे, काळ्या जमिनीच्या बोअरवेलवर, क्षार किंवा फ्लोराइड जास्त आढळू शकतं, तिथे आरओला अर्थ आहे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत हवं, फार तर १.५. पण यंत्र बंद का पडतं? मेम्ब्रेनवर क्षार चढतो, फिल्टर बदलायला पैसे नसतात, वीजबिल कोणी भरायचं यावर वाद होतो. म्हणून यंत्राच्या किमतीबरोबर पाच वर्षांची देखभाल मागा, आणि कॅनमागे घेतले जाणारे रुपये कोणत्या खात्यात जमा होणार हे आधी ठरवा.

मालमत्ता कोणाच्या नावावर राहणार, हाही नियमाचा भाग आहे. सीएसआरमधून उभं राहिलेलं यंत्र किंवा इमारत कंपनी स्वतःकडे ठेवू शकत नाही. ती ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचत गटाकडे, किंवा सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या संस्थेकडे जाते. गावातल्या स्त्रीशक्ती संघाकडे यंत्र चालवायला देता येतं, ते यामुळेच. तरुण मंडळ मात्र स्वतः पैसे घेऊन प्रकल्प राबवू शकत नाही. राबवणाऱ्या संस्थेला आयकरातली १२ अ आणि ८० जी नोंदणी, सीएसआर-१ या अर्जाने मिळणारा नोंदणी क्रमांक आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. मंडळाने मधे न पडता कंपनीने थेट काम करून पंचायतीच्या ताब्यात द्यावं, हा सोपा रस्ता.

शाळेसाठी मागताना रंगरंगोटी आणि कंपनीच्या नावाच्या फलकापेक्षा एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत ठराव करून एकच गोष्ट मागावी. सरकारी मराठी शाळांत गळकं छप्पर आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची जोडणी, या दोन्हींची गरज बेंचांपेक्षा मोठी असते. अर्ज कधी द्यायचा हेही बघा. कंपनीचा वर्षाचा कृती आराखडा एप्रिलपासूनचा असतो, तेव्हा प्रस्ताव जानेवारीत पोचलेला बरा. मार्चमध्ये गेलेल्या अर्जाला पटकन विकत घेता येतं तेच मिळतं: डस्टबिन, शिवणयंत्र, वह्या. मोठं काम असेल तर ते ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करायला सांगा. मग उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन वर्षांत त्याच कामावर खर्चावी लागते.

आरोग्य शिबिराबद्दल एकच. क्रशरवर काम करणाऱ्याला दम लागत असेल तर रक्तदाब तपासून गोळ्या दिल्याने काही कळत नाही. दगडाच्या बारीक भुकटीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि पुष्कळदा क्षयरोग म्हणून त्याच्यावर उपचार होत राहतात. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी हवी. कामगारांसाठी ती मालकाची जबाबदारी, आसपासच्या घरांतल्या लोकांसाठी मात्र ती सीएसआर किंवा डीएमएफमधून मागता येते.

कागद मिळवताना भाषेचा अडसर येतो, तो आधीच ओळखून चालावं. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो, म्हणजे इथे कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपये. दोन पानं लिहिली तर अर्ज परत येतो. म्हणून परवानगीच्या अटींचा एक, डीएमएफच्या यादीचा दुसरा, असे वेगळे अर्ज. परवानगीची प्रत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मिळते. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, त्यात प्रकल्पाचा सारांश इंग्रजी आणि स्थानिक भाषेत असतो. आपल्या गावांना कन्नड सारांश मिळतो. जिल्हा किंवा तालुक्यात १५ टक्के किंवा जास्त लोक बोलतात त्या भाषेत महत्त्वाच्या सूचना द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेलं आहे. त्याचा हवाला देऊन सूचना निघालेल्या आठवड्यातच मराठी सारांश लेखी मागावा. सुनावणीच्या दिवशी मागून उपयोग नाही. सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. तोपर्यंत उठू नका, आणि आपलं म्हणणं लेखीही द्या.

या सगळ्याआधी करायचं एक काम उरलं, ते झऱ्याचं माप. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल बहुतेक एकाच कोरड्या हंगामाच्या तीन महिन्यांचा असतो. तो डिसेंबर-फेब्रुवारीचा असेल तर मे महिन्यात झरा किती बारीक होतो हे त्यात येतच नाही. दहा लिटरची बादली झऱ्याच्या धारेखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर साधारण ३९० माणसांचं पाणी. तीनदा मोजून सरासरी घ्या. ऑक्टोबर ते मे, दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी, गुरं पाण्यावर येण्याआधी. जवळच्या दोन विहिरींची पातळी दोरीला गाठ मारून त्याच दिवशी घ्या. वहीत तारीख, सेकंद, विहिरीची खोली आणि मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. सहा महिन्यांनी पंचायतीत नेऊन पीडीओकडून (पंचायत विकास अधिकाऱ्याकडून) आवक शिक्का मारून घ्या, आणि एक प्रत खाण व भूविज्ञान खात्याला रजिस्टर पोस्टाने पाठवून तिची पोचपावती वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवा.